ऐकू न आलेली फेरी

धावणाऱ्या माणसांची वेळ मोजणं हा माझा धंदा. कंपनी माझी नाही. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर एक गाळा आहे, तिथे मी अठरा वर्षं नोकरी करतोय. शर्यत असली की टेम्पोत सामान भरायचं, मैदानावर नाहीतर रस्त्यावर पसरायचं आणि शेवटचा माणूस लंगडत आत आला की गुंडाळून परत आणायचं. कुणी विचारलं काय करतोस, तर मी 'टायमिंग' म्हणतो. समोरचा म्हणतो, "म्हणजे स्टॉपवॉच?" तिथे माझं डोकं सटकतं.

स्टॉपवॉच नाही. धावणाऱ्याच्या घोट्याला पट्टीने एक चिप बांधतात, काडेपेटीपेक्षाही लहान. रेषेवर जमिनीला चिकटपट्टीने बसवलेली एक तार असते, तिचा लांबट वेढा ट्रॅकच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत जातो. चिप त्या तारेवर आली की जागी होते आणि स्वतःचा नंबर सांगायला लागते. एकदा नाही, तारेवर आहे तोवर पुन्हा पुन्हा. बाजूला ठेवलेल्या डब्याला तो नंबर ऐकू येतो, आणि ज्या क्षणी तो सर्वांत मोठ्याने ऐकू आला तो क्षण म्हणजे तुमची वेळ. उपग्रह वगैरे काही नाही. लोकांना उगाच वाटतं की वरून कुणीतरी बघतंय. वरून कुणी बघत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

कटकट एवढीच की चिपचा आवाज फार बारीक असतो आणि मुंबईच्या हवेत भलता गोंगाट असतो. आपल्या कानांना तो ऐकू येत नाही म्हणून आपण शहाण्यासारखे हिंडतो. जनरेटर, लिफ्टची मोटर, चौकातली झगझगीत जाहिरातीची पाटी, वॉकीटॉकी, मोबाइलचा स्वस्तातला चार्जर, प्रत्येक जण हवेत काही ना काही ओरडत असतो. भर मासळी बाजारात उभं राहून कुणी हळूच फोन नंबर सांगावा, तशी चिपची गत होते. म्हणून आम्ही वीज घेतो ती बॅटरीवरून. विजेची केबल आमच्या तारेला समांतर जाऊ देत नाही, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडू देतो. आदल्या दिवशी जाऊन गोंगाट मोजतो. एवढं करूनही थोडा उरतोच.

उरलेल्या गोंगाटाचं डबा काय करतो, ते मला फार आवडायचं. चिपच्या नंबराला शेवटी एक ताळ्याचा आकडा जोडलेला असतो. डबा ऐकलेल्या नंबरावरून स्वतः ताळा करून बघतो. जुळला तर नोंद घेतो. नाही जुळला तर टाकून देतो, आणि टाकलं म्हणून कुणाला सांगतही नाही. भलत्याच माणसाची नोंद होण्यापेक्षा कुणाचीच न झालेली बरी, असा त्याचा खाक्या. "डबा बहिरा असेल, पण खोटारडा नाही," असं मी ऐटीत सांगायचो. माझ्या भाचीलाही मीच सांगितलं होतं. त्याच भाचीची एक आख्खी फेरी या डब्याने टाकून दिली, आणि ती टाकली जावी अशी तजवीज माझ्याच हाताने झाली. सांगायचं आहे ते एवढंच, पण सरळ सांगवत नाही.

भाची म्हणजे माझ्या ताईची एकुलती एक मुलगी. आम्ही सगळे वाकोल्यात एकाच इमारतीत राहतो, ताई चौथ्या मजल्यावर, मी आणि आई तिसऱ्यावर. आमचे बाबा मालवणकडून गिरणीत आले आणि गिरणी गेली तेव्हा घरी बसले. पगार बंद झालेला माणूस दुपारी घरात कसा वावरतो, ते ताईने आणि मी लहानपणीच बघितलं. त्यामुळे मुलीला सरकारी नोकरी लागावी, वर्दीची असली तर दुधात साखर, हे ताईच्या डोक्यात पक्कं होतं. मुलीच्याही होतं. तीन वर्षं ती एकाच भरतीच्या मागे होती. कुठली ते सांगत नाही, कारण दोष त्या खात्याचा नाही. पहिल्या वर्षी लेखीत गेली, दुसऱ्या वर्षी पाय मुरगळला. तिसऱ्या वर्षी लेखी परीक्षेत पास झाली, उंची बसली, वैद्यकीय तपासणी झाली. राहिली होती ती फक्त धाव. सोळाशे मीटर, म्हणजे चारशेच्या चार फेऱ्या. त्यानंतरच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती.

तिचा सराव मी घेतला. आठवड्यातून चार दिवस आम्ही सकाळच्या पहिल्या बसने आरे कॉलनीत जायचो. तबेल्यांच्या मागे एक आतला रस्ता आहे, गवताचे टेम्पो सोडले तर तिथे कुणी फिरकत नाही. मोजायच्या चाकाने मी चारशे मीटर मोजून झाडांना खडूने खुणा केल्या होत्या. गाळ्यातला एक जुना डबा आणि दोन चिपा मी पिशवीत घालून न्यायचो, तिला सवय व्हावी म्हणून. आरेत हवेत काहीच नसतं. डबा इतका शांत असायचा की चिप तारेपासून दोन हातांवर असतानाच त्याला चाहूल लागायची. त्या रस्त्यावर तिची एकही फेरी कधी सुटली नाही.

मी तिला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली. "घोळक्यात शिरायचं नाय. कोपर लागतं, पाय अडकतो, मागच्या वर्षी विसरलीस? बाहेरून काढायचं."

"मामा, बाहेरून जास्त पळावं लागतं ना पण."

"चार पावलं पडतील जास्त. पडू दे. आपटलीस तर सगळंच जाईल."

ती ऐकायची. तिचा माझ्यावर फार विश्वास होता, आणि तो मला आवडायचा, हेही सांगून टाकतो. लग्न न केलेल्या, चिडक्या मामाला कुणी इतकं मानावं हे सुख काही कमी नाही. घरी आलो की आई तिचे पाय चेपायला बसायची आणि पिशवीतल्या डब्याकडे संशयाने बघायची. "त्या डब्याक काय डोळे आसत?" ती विचारायची. मी हसायचो. डोळे नाहीत म्हणूनच तो चांगला, डोळे माणसाला फसवतात, असलं काहीतरी शहाणपण पाजळायचो.

पुढे असं झालं की त्या भरतीचं टायमिंग आमच्याच कंपनीकडे आलं. मालकाने सगळ्यांकडून एक कागद सही करून घेतला: उमेदवारांत आपलं कुणी नातेवाईक नाही. मी सही केली. हे मी लपवणार नाही, कारण बाकी सगळं इथूनच सुरू होतं. खरं सांगितलं असतं तर मालकाने माझ्या जागी दुसऱ्याला पाठवलं असतं. तो दुसरा तार वेडीवाकडी अंथरतो, चिकटपट्टीत सुरकुत्या ठेवतो, आदल्या दिवशी गोंगाट मोजायचा कंटाळा करतो. माझ्या भाचीच्या शेवटच्या धावेला असला माणूस मला नको होता. तार माझ्याइतकी नीट कुणी घालत नाही, ही माझी घमेंड. तिच्यापायी मी खोटी सही केली.

ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू असलास तर बरंच आहे रे. पण कळलं कुणाला तर?"

"कळायचंच नाही. मैदानावर मी हिला ओळखत नाही आणि ही मला."

"चालेल, सर," भाची म्हणाली आणि आम्ही तिघंही हसलो.

मैदान मुलुंडला होतं. आदल्या दिवशी दुपारी जाऊन मी तार घातली. जनरेटर ट्रॅकपासून लांब, भिंतीपलीकडे हलवायला लावला, डेकोरेटरच्या माणसाशी भांडून केबल काटकोनात वळवून घेतली. डब्यावर गोंगाटाचा आकडा दिसतो. तो आठ आला. मुंबईत आठ म्हणजे देवाची कृपा. अंतिम रेषेवर लोखंडी पायपांची कमान उभी होती, तिला निळं-पांढरं कापड आणि त्यावर छोट्या एलईडी दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या होत्या. माळा मी बघितल्या. धावा सकाळी उजेडात होणार, माळा कोण लावतंय, असं मनात आलं आणि मी पुढे गेलो. पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्याकडे भर उन्हात दिवे लागतात, हे अठरा वर्षं मंडपांच्या सावलीत काढलेल्या माणसाने विसरावं! डेकोरेटरला एक हाक मारून "जरा लावून दाखव रे" म्हणायचं होतं. नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वीस-वीस मुलींच्या तुकड्या पळत होत्या. आकडा आठवर, कधी नऊवर. एकही नोंद सुटली नाही. मी खुर्चीत बसून, डबा एका बाजूला आणि वही मांडीवर, प्रत्येक फेरीला छातीवरचे नंबर पेन्सिलीने लिहीत होतो. ही माझी जुनी सवय. यंत्रावर विश्वास आहे म्हणून हात बांधून बसणारा मी नव्हे. शिवाय रेषेवर एक कॅमेराही लावलेला होता. मी स्वतःवर खूश होतो.

ऊन चढल्यावर पाहुण्यांच्या गाड्या आल्या. मैदानावरचे साहेब लगबगीने पुढे गेले. कुणीतरी ओरडलं, "लाइट, लाइट!" आणि कमानीवरच्या माळा लागल्या. उन्हात त्या दिसतही नव्हत्या. पण त्यांच्या स्वस्तातल्या अडॅप्टरांना आमची चिप ज्या पट्टीत बोलते नेमक्या त्याच पट्टीत ओरडायची खोड. डब्यावरचा आकडा आठवरून एक्केचाळीसवर गेला.

मी धावत डेकोरेटरच्या माणसाकडे गेलो. "माळा बंद कर."

"अरे काका, आत्ताच तर लावल्या. पावणे आहेत. फोटो होऊ दे, पाच मिनटात काढतो ना."

"आत्ता काढ. मशीन बोंबलतंय."

"मला नका सांगू, साहेबांना सांगा."

साहेब पुष्पगुच्छ देत होते. मी मागे वळून बघितलं तर पुढची तुकडी रेषेवर उभी राहिली होती, आणि तिच्यात माझी भाची होती. छातीवर एकशे सत्तेचाळीस. केस घट्ट बांधलेले, नजर सरळ समोर. ठरल्याप्रमाणे तिने माझ्याकडे बघितलं नाही.

माझ्या खुर्चीला एक लाल झेंडा टेकवलेला असतो. तो वर केला की स्टार्टर तुकडी सोडत नाही. तेवढा अधिकार मला आहे. झेंडा वर केला असता तर पाहुण्यांसमोर धाव खोळंबली असती, साहेबांनी मालकाला फोन लावला असता, मालकाने मला शिव्या घातल्या असत्या. याहून जास्त काही झालं नसतं. मी झेंडा उचलला नाही. मी डब्याचा गेन कमी केला. गेन म्हणजे डब्याचे कान म्हणा. कान कमी केले की गोंगाट कमी ऐकू येतो आणि मोठ्याने बोलणाऱ्या चिपा तरीही ऐकू येतात. हा उपाय पुस्तकी आहे, आम्ही सगळे करतो. आकडा खाली आला, डबा गप्प झाला, शिट्टी वाजली.

पण गेन कमी केला की तारेच्या टोकांना काही ऐकू येत नाही. मध्यभागी चिप व्यवस्थित कळते, कडेला मात्र तिचा आवाज आधीच क्षीण असतो. ट्रॅकच्या आतल्या कडेने कुणी पळत नाही, तिथे खांब होता. बाहेरच्या कडेने पळतो तो फक्त पुढच्याला मागे टाकणारा. मी हे सगळं जाणतो. त्या वेळीही जाणत होतो, फक्त मनाशी जोडून बघितलं नाही.

पहिली फेरी, ती सातवी. दुसरी फेरी, पाचवी. दोन्हींची नोंद झाली. तिसऱ्या फेरीला कमानीच्या अलीकडे पाच-सहा मुलींचा घोळका झाला. तिने एकदा खांद्यावरून बघितलं आणि बाहेर निघाली. मी शिकवलं तशी. कमानीखालून जाताना ती अगदी कडेला होती, तिचा हात कापडाला लागला. डब्याने घोळक्याचे आवाज एका दमात टिकटिक करून दिले, त्यात कुणाचा आला आणि कुणाचा नाही ते कानाने कळत नाही. मी वहीत लिहिलं: एकशे सत्तेचाळीस. ते लिहिताना मला हसू आलं होतं, इतकी ती छान पळत होती. चौथ्या फेरीला ती दुसरी आली. रेषा ओलांडून गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली, आणि मला वाटलं, सुटलो.

माळा त्यानंतर दहा मिनिटांनी बंद झाल्या.

साहेबांच्या हातातल्या कागदावर दोनच गोष्टी छापल्या जातात, किती फेऱ्या आणि एकूण वेळ. एकशे सत्तेचाळीसच्या पुढे तीन फेऱ्या होत्या. माझ्या लॅपटॉपवर मला सगळं दिसत होतं: दुसऱ्या आणि त्यापुढच्या नोंदीत बरोबर दुप्पट अंतर. शेंबडं पोरही सांगेल की मधली एक नोंद गळली आहे. पण ते अंतर बघणारा मैदानावर एकटा मी होतो.

"तुम्ही तीनच फेऱ्या पळालात," साहेब तिला म्हणाले. वाईट माणूस नव्हता. "बाकीच्या थांबल्या तशा तुम्हीही थांबलात. दमल्यावर मोजायला चुकतं माणूस. रोज दोन-तीन जणी असतात अशा."

"नाही सर, चार झाल्या. मी मोजत होते. मी दुसरी आले."

"दुसऱ्या आलात म्हणजे तुमच्यापेक्षा एक फेरी पुढे असलेल्यांबरोबर आलात."

कॅमेरा बघितला. त्या वेळी नेमके पाहुणे कमानीच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या पुढ्यात फोटोला उभे होते. पाठी दिसत होत्या, फेटे दिसत होते, मुली नाहीत. तेव्हा ती माझ्याकडे वळली. तिचे ओठ सुकले होते. तरीही ठरलेलं तिने मोडलं नाही.

"सर, तुम्ही तर इथेच बसला होतात ना? तुम्ही लिहीत होतात. तुमच्या वहीत बघा ना, सर."

साहेबांनी विचारलं, "आहे का वहीत?"

वही माझ्या काखेत होती.

"घोळक्यात सगळ्यांचे नंबर मिळत नाहीत, साहेब," मी म्हटलं. "या मुलीचं नक्की नाही सांगता येणार."

ती "ठीक आहे, सर" म्हणाली आणि घोट्याची चिप सोडून तिने माझ्या टेबलावर ठेवली.

मी गप्प बसलो ते तिच्यासाठीच, असं मी स्वतःला कितीतरी महिने सांगत होतो. वही दाखवली असती तर हा माणूस कोण, हिच्यासाठी का बोलतोय, अशी चौकशी झाली असती, नातं निघालं असतं, खोटी सही निघाली असती, ती कायमची बाद झाली असती. हे खरं आहे. पण एक वाक्य असं होतं की ज्यात नात्याचा संबंधच नव्हता. "साहेब, या तुकडीला मशीनमध्ये गडबड होती, पुन्हा पळवा." एवढं म्हटलं असतं तर वीसच्या वीस मुली तासाभराने पुन्हा पळाल्या असत्या आणि ती चार फेऱ्या मध्यभागातून पळाली असती. ते म्हणायचं तर मी झेंडा का उचलला नाही हे सांगावं लागलं असतं. म्हणून मी ते म्हटलं नाही. मी भित्रा निघालो. दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

संध्याकाळी घरी तिने विचारलं, "मामा, तू बघितलं नव्हतंस खरंच?"

"लिहिण्यात होतो गं," मी म्हटलं. बघितलं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता.

तिने अर्ज केला. उत्तर आलं की नोंदीनुसार तीन फेऱ्या झालेल्या आहेत. लॅपटॉपवरची माहिती मालकाने पुढच्या शर्यतीआधी नेहमीप्रमाणे पुसली. मी एक शब्द बोललो नाही. ताई पंधरा दिवस जेवली नाही धड. मग हळूहळू घर पूर्ववत झालं, म्हणजे दुखणं अंगवळणी पडलं. भाची घाटकोपरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. रक्ताच्या नळ्या मोजून, चिठ्ठ्या लावून पुढे पाठवायच्या. ताई म्हणते, ती तिथे प्रत्येक गोष्ट दोनदा मोजते म्हणून सगळे तिच्यावर खूश आहेत. घरीही मोजते. पोळ्या, जिन्याच्या पायऱ्या, दाराच्या कड्या. मोजून झालं की ओठांत पुटपुटत परत मोजते.

एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना तिने मला शांतपणे सांगितलं, "मामा, मी खूप विचार केला. ज्या पोरींच्या मी बाहेरून पुढे निघाले ना, त्या बहुतेक माझ्या एक फेरी पुढेच होत्या. मला वाटलं मी त्यांना मागे टाकलं. दमल्यावर कळत नाही रे." मी चिमटे देत राहिलो. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता, निवांतपणा होता, आणि मी स्वतःला सांगितलं की हिला हेच सोसवतंय तर सोसू दे. माझ्या सोयीची कारणं मला नेहमी पटकन सुचतात.

घरात त्याचा विनोद झाला. आमच्याकडे सगळ्याचाच होतो, त्याशिवाय एवढ्याशा जागेत राहता येत नाही. कुणी तिला चार चहा सांगितले की दुसरं कुणी म्हणणार, "अगं तिला तीन सांग, चारपर्यंत येत नाही तिला." ती हसायची. मीही हसायचो. पहिल्यांदा हसलो ते मला आठवतं, नंतर सवय झाली.

वही मी टाकली नव्हती. कपाटात आईच्या लुगड्यांखाली होती. मधूनमधून काढून ते पान बघायचो. तिसऱ्या फेरीच्या रकान्यातल्या एकशे सत्तेचाळीसवर अंगठा फिरवून फिरवून तो पुसट व्हायला लागला. एकदा घाबरून मी पेन्सिलीला टोक केलं आणि तो आकडा होता तसाच गिरवून ठेवला. जाईल म्हणून.

परवाच्या रविवारी तिला बघायला पाहुणे आले होते. भांडुपची मंडळी, साधी माणसं. बोलणं चांगलं चाललं होतं. खेळाची आवड आहे का, असं मुलाच्या आईने विचारलं, आणि ताई हसून म्हणाली, "धावायची ना! पण चार फेऱ्यांच्या जागी तीनच पळून थांबली. मोजायची बोंब आमच्या हिची." सगळे हसले. मुलगाही हसला. भाची ट्रे घेऊन उभी होती, तीही हसली, आणि ट्रेमधल्या कपांवरून तिची नजर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. ती कप मोजत होती.

मला ते सहन झालं नाही. मी खाली गेलो, लुगड्यांखालून वही काढली आणि पाहुणे जाईपर्यंत जिन्यात उभा राहिलो. मग वर गेलो. ती स्वयंपाकघरात एकटी कप विसळत होती. मी पान उघडून ओट्यावर ठेवलं.

"हे बघ. तू चार पळालीस. मी बघितलं होतं. त्याच वेळी लिहिलं होतं. डब्याचे कान मीच कमी केले होते, म्हणून तुझी फेरी त्याला ऐकू आली नाही. साहेबांशी मी खोटं बोललो. तुझ्याशीही."

तिने हात पदराला पुसावेत तसे ओढणीला पुसले. वाकून बघितलं. पहिल्या रकान्यात तिचा नंबर, दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यात. बोट ठेवून तिने ते मोजले. पुन्हा मोजले. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आरेत फेरी संपवून यायची तेव्हा असायचं तसं.

मग ती पानावर अजून वाकली. तिसऱ्या रकान्यावर तिचं बोट थांबलं. त्या रकान्यातले बाकीचे सगळे आकडे फिके, राखाडी झाले होते. तेवढा एकशे सत्तेचाळीस काळाभोर होता, टोकदार पेन्सिलीने नीट लिहिलेला.

तिने माझ्याकडे बघितलं. तिला माझी फार दया आली असावी.

"कशाला रे मामा," ती म्हणाली.

"अगं, तो मी नंतर फक्त गिरवला. पुसट झाला होता म्हणून. खालचा खरा आहे, त्याच दिवशीचा. उजेडात धर, दिसेल."

"बरं." तिने वही मिटली आणि माझ्या हातात दिली. "आई आत्ता जे बोलली ना, ते मला काही लागलं नाही. खरंच. तू नको मनाला लावून घेऊस. माझीच चूक होती ती, मला माहितीये."

मी पुन्हा सांगितलं. माळांचं सांगितलं, गेनचं सांगितलं, दुप्पट अंतराचं सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती, आजारी माणसाचं ऐकावं तसं. माझं बोलणं संपल्यावर तिने विसळलेले कप एकेक करून फळीवर पालथे घातले, मोजले, आणि परत एकदा मोजले.